कोलकात्यातील १९७१ची पायी सहल : सर्कस अव्हेन्यूपर्यंत उत्तम, पुढे घाईची

कोलकात्यातील काही इतिहासप्रेमी मंडळी बांगलादेश मुक्तिसंग्रामाशी निगडित वास्तूंची पायी सहल आयोजित करतात. एका नव्या देशाशी भारताचे राजनैतिक संबंध कसे जुळले, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी ढाक्याइतकेच हे शहरही महत्त्वाचे आहे. कारण त्या देशाचे निर्वासित सरकार, त्याची वकिलात आणि त्याचा नभोवाणी स्टुडिओ ही तिन्ही ठिकाणे १९७१ साली येथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती.

सहल सुरू होते ती ८, थिएटर रोड येथे, म्हणजे आजच्या शेक्सपिअर सरणीवर. ही वास्तू अरविंद घोषांचे जन्मस्थान म्हणून जपलेली आहे, त्यामुळे बडोद्याच्या सयाजीरावांच्या पदरी असलेल्या अरविंदांना ओळखणारा मराठी माणूस येथे क्षणभर वेगळ्याच विचारात पडतो. १७ एप्रिल १९७१ रोजी सीमेपलीकडील वैद्यनाथतला या गावी शपथ घेतलेल्या बांगलादेश सरकारचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद याच इमारतीतून कारभार पाहत आणि कार्यालयालगतच्या खोलीत राहत, हे मार्गदर्शकाने अलंकारिक भाषा टाळून सांगितले, ते मला आवडले.

सहलीचा खरा गाभा मात्र ९, सर्कस अव्हेन्यू हा आहे. १८ एप्रिल रोजी येथील पाकिस्तानचे उप-उच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह नव्या सरकारशी निष्ठा जाहीर केली आणि इमारतीवर बांगलादेशाचा ध्वज चढवला. पाकिस्तानने दुसरा अधिकारी नेमून पाठवला, परंतु त्याला इमारतीचा ताबा मिळाला नाही. भारताने तोवर बांगलादेशाला मान्यता दिलेली नव्हती, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसलेल्या देशाची ही वकिलात यजमान सरकारच्या मूक संमतीवर कित्येक महिने चालली. मान्यता लवकर द्यावी असा दबाव असूनही दिल्लीने ती का लांबवली, या प्रश्नावर मार्गदर्शकाने पुरेसा वेळ दिला, आणि घाईने दिलेली मान्यता उघड हस्तक्षेप ठरली असती, हा मुद्दा त्याने नीट पटवून दिला. बांगलादेशाचे उप-उच्चायोग आजही याच पत्त्यावर असल्यामुळे आत प्रवेश मिळत नाही, सारे रस्त्यावरूनच पाहावे लागते.

बालीगंज सर्क्युलर रोडवरील ‘स्वाधीन बांगला बेतार केंद्रा’च्या, म्हणजे त्या सरकारच्या नभोवाणीच्या, स्टुडिओचा थांबा ठीक म्हणावा असा आहे.

माझा आक्षेप शेवटाविषयी आहे. ६ डिसेंबर १९७१ रोजी इंदिरा गांधींनी संसदेत मान्यतेची घोषणा केली आणि पाकिस्तानने त्याच दिवशी भारताशी संबंध तोडले, एवढे सांगून कथन ढाक्यातील पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीकडे धावते व संपते. वास्तविक संबंध उभारण्याचे अवघड काम त्यानंतरचे होते. बांगलादेशाचे नेते शेख मुजीब १० जानेवारी १९७२ रोजी दिल्लीमार्गे ढाक्याला परतले. मार्चमध्ये भारतीय सैन्य माघारी आले आणि लगेच १९ मार्चला २५ वर्षांचा मैत्री करार झाला. या क्रमाला अर्थ आहे, कारण परकीय सैन्य देशात असताना झालेला करार बरोबरीचा म्हणून कोणी मानला नसता. १९७४चा सीमा करार तर भारताच्या बाजूने २०१५ साली संमत झाला! यातले काहीच सांगायचे नसेल, तर माहितीपत्रकात ‘दोन देशांच्या मैत्रीची कहाणी’ असे शब्द घालू नयेत.

निवेदन बंगाली आणि इंग्रजीत असते. विनंती केल्यास हिंदीतही सांगतात, पण तेव्हा तपशील गळतात. शुल्क माफक असले, तरी पिण्याचे पाणी स्वतःचे न्यावे आणि पावसाळ्यातील तारखा टाळाव्यात. परराष्ट्र धोरणाचे विद्यार्थी व इतिहासाचे शिक्षक यांना मी ही सहल निश्चित सुचवेन. लहान मुलांना घेऊन मात्र जाऊ नये, कारण येथे पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखेच अधिक आहे.