किल्ल्यावरची ‘पॉपहॅम फेरी’: चढाई चोख, माणूस अर्धवट

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर, तेली मंदिर दाखवणारे गाईड पायलीला पन्नास मिळतात. 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम पॉपहॅमने हा किल्ला अचानक चढाई करून मराठ्यांकडून घेतला; त्या रात्रीवर बेतलेली पायी फेरी मात्र विरळाच, आणि या फेरीचा मधला भाग पैसे वसूल करून देतो.

चढाईचे टप्पे गाईड नीट उलगडतो. खालच्या 16 फुटी कड्याला लाकडी शिड्या लावल्या. पुढे 40 यार्डांचा उभा चढ, त्यावर 30 फुटी तट. तिथे कंपनीच्या बाजूने असलेल्या गोहद संस्थानच्या राण्याचे वाटाडे आधी चढले, वरून दोरशिड्या बांधल्या आणि कॅप्टन ब्रूसचे शिपाई त्यांवरून आत शिरले. पायांत लोकरी कापडाचे, कापूस भरलेले जोडे. तसा एक नमुना हातात देतात. तळवा दाबून पाहा, मग आपला बूट दगडावर आपटा. वेगळं सांगावं लागत नाही. आत शिरल्यावर काही शिपायांनी झोपलेल्या पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि गडावर आरडाओरड झाली. बेत तिथेच फसायचा, पण मूठभर लोकांनी पॉपहॅम मागून येईपर्यंत तग धरला. हे गाईड रंगवून सांगतो, अतिशयोक्ती न करता.

बाकी माणसाबद्दल आनंदच. विल्यम पॉपहॅमला गाईड इंग्लंडच्या राजाच्या फौजेतला म्हणतो. पॉपहॅम खरं तर कंपनीच्या बंगाल फौजेतला. त्याच वर्षी पॉपहॅमने घेतलेला लहारचा किल्ला गाळला, ही मोठी चूक. तिथे तट फोडायला जड तोफा नव्हत्या, हल्ला महागात पडला. ते माहीत असलं की ग्वाल्हेरला शिड्या का, हे कळतं. सरसेनापती आयर कूटला हा बेत वेडेपणा वाटला होता, त्याचाही उल्लेख नाही. 1781 मध्ये पॉपहॅमने बिजयगड किल्ला घेतल्यावर लूट फौजेतच वाटून टाकल्याने गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज चिडला, हा किस्सा तर हवाच होता. आणि ग्वाल्हेरचा किल्ला पुढे कंपनीकडेच राहिला हे गाईडचं म्हणणं चूक: तो राण्याला मिळाला आणि 1783 मध्ये महादजी शिंद्यांनी परत घेतला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी श्रोत्यांसमोर हे विसरणं जरा अतीच.

फेरी ग्वाल्हेर दरवाज्याने चढते. गुडघे कुरकुरत असतील तर गाडीने उरवाई दरवाज्याकडून वर या, मानमंदिरापाशी गटाला गाठा. पाणी खालूनच घ्या.