जीपीएसवाला जुना पीडीए, आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, हे नवीन यंत्र नाहीये. मामेभावाच्या ड्रॉवरमधे कित्येक वर्षं पडलेला पॉकेट पीसी आहे, म्हणजे खिशात मावणारा डायरीवजा कॉम्प्युटर, यालाच पीडीए म्हणायचे. साडेतीन इंची स्क्रीन, २४० बाय ३२० पिक्सेल, कडेला खोचलेली स्टायलस म्हणजे स्क्रीनवर लिहायची काडी आणि आत सर्फस्टार ३ नावाची जीपीएस चिप. तो टाकूनच देणार होता, म्हणलं दे इकडे. मला सुट्टीच्या दिवशी जुन्या पायवाटा शोधत भटकायचा नाद आहे, कुठे फाटा फुटतो, कुठे झरा आहे, कुठे वाट ढासळलीय ते लिहून ठेवतो. हे सगळं फोनवर होतं, मान्य. पण ओल्या बोटांनी फोनची स्क्रीन वेडी होते आणि दिवसभर नकाशा चालू ठेवून संध्याकाळी गरज पडली तर फोन करायला बॅटरी नाही, असं दोनदा झालंय. म्हणून हा प्रयोग.

पहिल्या दिवशी वाटलं चिपच मेलीय. अंगणात उभा राहिलो, उपग्रहांचे दांडे वर यायचे आणि परत गायब, पाच मिनिटं झाली, दहा झाली, काही नाही. मग वाचल्यावर कळलं की आपण फोनमुळे लाडावलोय. फोनला कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवरून आयती मिळते, याला ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि ती येते सेकंदाला ५० बिट या वेगाने! एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी परत येते, आणि सगळ्या उपग्रहांचं मिळून जे ढोबळ वेळापत्रक असतं ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. त्यात मी हातात धरून झाडाखाली येरझाऱ्या घालत होतो, म्हणजे मधेच सिग्नल तुटला की तो तुकडा परत यायची वाट बघा. आता निघायच्या आधी चालू करून कुंपणाच्या भिंतीवर ठेवतो आणि बुटाच्या नाड्या बांधायला बसतो, तोवर लागलेलं असतं. सकाळी एकदा लागलं की तासाभराने बंद करून परत चालू केलं तरी काही सेकंदात जागा सापडते.

अचूकता उघड्यावर चांगली आहे, पाच ते दहा मीटर धरा. दाट झाडी, उंच कड्याची कूस, अरुंद घळ, इथे मात्र सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि ठिपका दरीत जाऊन बसतो, तेव्हा नकाशापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा. उंचीचा आकडा तर मी बघायचाच सोडला. तो आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकतो आणि शिवाय काही यंत्रं समुद्रसपाटीपासून नाही तर पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात, त्या दोन्हीत जगात काही ठिकाणी १०० मीटरपर्यंत फरक पडतो.

एक गोष्ट मात्र महिनाभर डोकं खात होती. सायकलवर ट्रॅक, म्हणजे गेलेल्या वाटेची रेघ, मस्त उमटायचा आणि पायी चढावर हळू चालायला लागलो की ठिपका थिजायचा, मग अचानक उडी मारून पुढे. मला वाटलं अँटेना गेला. तसं काही नव्हतं, ही चिप गाडीसाठी बसवलेली, सिग्नलला गाडी थांबली की ठिपका इकडेतिकडे भटकू नये म्हणून ठरावीक वेगाखाली जागा गोठवून ठेवायची सोय आत आहे. चढावर माझा वेग म्हणजे तिच्या मते मी उभाच! एका छोट्या प्रोग्रॅमने ती सोय बंद केली. आता उलटं होतं, मी बसून पाणी पीत असतो आणि ट्रॅकवर माझ्याभोवती दोऱ्याचा गुंता, पण चालेल.

मला हे यंत्र खरं आवडतं ते मात्र नोंदींसाठी. फाट्यावर थांबायचं, नकाशावर काडीने टोचायचं, तिथेच दोन ओळी लिहायच्या, जागा आणि मजकूर एकाच ठिकाणी. स्क्रीन दाबाने चालते त्यामुळे हातमोजा असो, नख असो, पावसाचे थेंब असोत, काही अडत नाही. आणि भर उन्हात ती जास्तच स्वच्छ दिसते, कारण उजेड मागे परतवते. सावलीत मात्र मरगळलेली.

आकडे हाताने टाकताना एकदा चांगलाच तोंडावर पडलो. मित्राने अक्षांश पाठवले होते अंश आणि मिनिटांत (एका अंशाची ६० मिनिटं), शेवटी ३० मिनिटं, मी बिनधास्त पॉइंट ३० लिहिलं. आता ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटं, ३० मिनिटं म्हणजे ०.५०. बारा मिनिटांची चूक, जमिनीवर जवळपास २२ किलोमीटर! यंत्र बिचारं प्रामाणिकपणे चुकीच्या दिशेला बाण दाखवत होतं आणि मी त्याच्यावरच चिडत होतो.

नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाच्या डेटावरून स्वतः तयार करून टाकतो. मूळचे नकाशे इतके जुने की त्यांचा उपयोग नाही. मेमरी कार्ड जास्तीत जास्त २ जीबीचं, मी ४ चं घातलं तर ओळखच दाखवली नाही.

बॅटरी हा सगळ्यात मोठा वैताग, कारण एकाच बॅटरीवर दोन संसार. डायरी म्हणून वापरलं तर दिवस निघतो, जीपीएस आणि स्क्रीन सतत चालू असेल तर माझ्या या म्हाताऱ्या बॅटरीवर अडीच तास. आणि या पिढीच्या यंत्रात नोंदी रॅममधे राहतात, बॅटरी पूर्ण उतरली की सगळं पुसलं जातं, पाटी कोरी. तिसऱ्या महिन्यात माझ्या सहा आठवड्यांच्या नोंदी अशा गेल्या, दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तेव्हापासून सगळं थेट कार्डवर सेव्ह करतो आणि दुसरी बॅटरी खिशात असते, मागचं झाकण सरकवून बदलता येते.

आणि तारखेची गंमत राहिलीच. नेव्हिगेशनमधे 'घड्याळ उपग्रहाशी जुळवा' असं होतं, मी हौसेने टिक केलं. आठवड्याने दातांच्या डॉक्टरकडची अपॉइंटमेंट चुकली, अलार्म वाजलाच नाही. बघतो तर कॅलेंडर साडेएकोणीस वर्षं मागे! जीपीएसच्या मूळ सिग्नलमधे आठवड्यांचा आकडा १० बिटांतच मावतो, १०२३ नंतर परत शून्य, आणि असा फेरा शेवटचा एप्रिल २०१९ मधे झाला. चिपच्या आतल्या जुन्या प्रोग्रॅमला (फर्मवेअरला) त्याचा पत्ताच नाही. जागा बरोबर दाखवतो, वेळ मिनिटाला बरोबर, फक्त वर्ष चुकीचं. टिक काढली. पण ट्रॅकच्या फायलीत उपग्रहाचीच तारीख उमटते, ती घरी आल्यावर कॉम्प्युटरवर १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस पुढे ढकलतो.

कोणाकडे असं काही पडलेलं असेल आणि चालू करणार असाल तर आधी बॅटरी फुगलीय का ते बघा, फुगली असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका.