परमिट फी २,१००

गेल्या दिवाळीत फटाक्यांच्या नावावर माझे ७,४५० रुपये गेले. त्यात ३,५०० गल्लीतल्या पाच घरांची वर्गणी होती, ती जास्त लागली.

मोबाईलवर जाहिरात आली, 'शिवकाशी फॅक्टरी रेट, ८० टक्के सूट', खाली व्हॉट्सॲप नंबर. बेळगावात फटाके महाग झाले म्हणून आमची दरवर्षी कुरकुर असतेच, त्यात पोरांचे किल्ले करून झालेले आणि मागे तगादा. यादी मागवली. फुलबाज्या, भुईचक्रं, पाऊस, पाच हजार फटाक्यांची माळ, प्रत्येकापुढे हिरवा 'ग्रीन' शिक्का, म्हणजे कमी प्रदूषणाचे फटाके. त्या माळेवरच मी थांबायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली जोडलेल्या माळांवर बंदी घातली, आणि त्याच निकालात फटाके ऑनलाइन विकायलाही मनाई केली. म्हणजे मोबाईलवर ऑर्डर घेणारा एक तर कायदा मोडतोय, नाही तर त्याच्याकडे फटाकेच नाहीत. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ग्रीनच वाजवायचे आणि दिवाळीला रात्री ८ ते १० एवढ्याच वेळेत, इतकंच माहीत. या अर्धवट माहितीवरच त्याने मला गाठलं.

३,५०० ॲडव्हान्स दिले. दुसऱ्या दिवशी बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला, त्यावर ट्रान्सपोर्टचे १,८५० भरले. तिसऱ्या दिवशी फोन. आवाज अदबीचा, हिंदीत. "सर, अत्तिबेले के बाद कर्नाटक में बहुत चेकिंग है. गाड़ी बॉर्डर पे रुकी है." ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या सीमेजवळच्या अत्तिबेलेला फटाक्यांच्या गोदामाला आग लागून माणसं मेली, मग लग्नात-मिरवणुकीत फटाके नकोत असं सरकारने जाहीर केलं, हे मीही पेपरात वाचलेलं. खऱ्या बातमीला चिकटवलेली थाप पटकन गिळली जाते. 'ग्रीन परमिट'चे २,१०० मागितले, माल पोचला की परत म्हणे. पाठवले. वर त्याला थँक्यूसुद्धा म्हटलं!

चौथ्यांदा जीएसटीचे २,८०० मागितले तेव्हा कुठे हात थांबला. मेहुणा ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे, त्याला बिल्टी दाखवली. त्याने मोबाईल जवळ धरून फोटो मोठा केला आणि हसायलाच लागला.

"दाजी, पोचायचं ठिकाण वाचलासा काय?"

बेळगाव, महाराष्ट्र.

ज्या ओळीसाठी आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं १९५६ पासून डोळे लावून बसलीत, ती भामट्याच्या बिल्टीवर छापून आली होती. आणि परमिट फी मात्र कर्नाटकाची.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, पण दोन दिवस उशिरा. पैसे त्या खात्यातून कधीच पुढे गेले होते. संशय आला की लगेच हा नंबर फिरवा, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं. ठाण्यात तक्रार कन्नडात लिहून घेतली, मी खाली मराठीत सही केली. लिहून घेणारे साहेब मान वर न करताच म्हणाले, "लायसन विकणाऱ्याला लागतंय. घरी वाजवणाऱ्याला कसली फी ओ?"

शेवटी मैदानावरच्या स्टॉलवरून घेतले. परवान्याचा कागद दर्शनी लावलेला, खोक्यांवर नीरी या सरकारी संशोधन संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड. महाग पडले. पाच घरांचे पैसे मी माझ्या खिशातून परत केले. समोरच्या काकूंनी घेतले नाहीत, त्याचं अजून अवघडल्यागत होतं.

परवा तीच यादी पुन्हा आली. नंबर नवा, दुकानाचं नाव नवं, सूट आता ९० टक्के. पाच हजारांची माळ होती तिथंच आहे.