श्रीलंकेत सफारी आणि समुद्र एकाच दिवशी: ‘याला’ पार्क की ‘उडावालावे’?

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर सुट्टीला गेलेले आपले लोक बहुतेक मिरिस्सा नाहीतर तंगाल्लेला मुक्काम करतात आणि मग तोच प्रश्न येतो, की जंगलासाठी एकच दिवस आहे, दुपारनंतर समुद्रावर निवांत पडायचंही आहे, तर ‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यान करायचं की ‘उडावालावे’ नावाचं. माझं मत आधीच सांगून टाकते, बिबट्याचं खरंखुरं वेड नसेल तर उडावालावे करा. पण ते का, आणि कोणी माझं अजिबात ऐकू नये, हे नीट सांगायला हवं.

याला पार्कचं नाव झालं ते बिबट्यामुळे. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे तिथे बिबट्याच राजा, आपल्या ताडोब्यात तो वाघाला टाळत लपूनछपून राहतो पण इथे दिवसाढवळ्या उघड्या खडकावर पाय पसरून पडलेला दिसू शकतो. जगात बिबटे सगळ्यात दाट असलेल्या जागांमध्ये याचं नाव घेतात. शिवाय अस्वल आहे, मे ते जुलैच्या सुमारास पालूची फळं पिकतात (म्हणजे आपली खिरणीच) तेव्हा ते खायला अस्वलं झाडावर चढतात. आणि जंगल थेट समुद्राला भिडलेलं, सफारीत पटनंगल नावाच्या किनाऱ्यावर जीपमधून उतरू देतात, २००४ च्या त्सुनामीत गेलेल्यांचं स्मारक आहे तिथे, तिथे जरा शांत उभं राहावंसं वाटतं.

मग अडतं कुठे? तर पार्क कागदावर ९७९ चौरस किलोमीटरचं असलं तरी बहुतेक सगळे पर्यटक ब्लॉक १ नावाच्या एकाच भागात जातात आणि तो आहे साधारण १४० चौरस किलोमीटर. एका ड्रायव्हरला बिबट्या दिसला की बातमी पसरते आणि सगळ्या जीप धूळ उडवत तिकडे पळतात, मग पुढे जीप मागे जीप आणि झाडीतलं शेपूट कोणाला दिसलं कोणाला नाही असं होतं. १३-१४ एप्रिलला सिंहली-तामिळ नववर्ष असतं, त्या आठवड्यात तर स्थानिक लोकांचीही प्रचंड गर्दी, तेव्हा टाळाच. बिबट्याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही, एका अर्ध्या दिवसात तर नाहीच, म्हणून लोक फुल डे सफारी घेतात आणि मग समुद्राचा दिवस तिथेच संपतो, संध्याकाळी अंगातलं हाडन् हाड बोलत असतं.

उडावालावेचं उलटं आहे. वलवे नदीवर धरण बांधलं, त्या जलाशयाभोवती १९७२ मध्ये पार्क केलं, ३०८ चौरस किलोमीटर, आणि वर्षभर हत्ती. मोकळं गवताळ रान असल्यामुळे शोधाशोध फार नाही, कळपच्या कळप समोर चरत असतात. आपल्याकडे दोडामार्ग, चंदगड नाहीतर गडचिरोलीत रानटी हत्ती आले की बातमी येते ती पिकाच्या नुकसानीची नाहीतर त्याहून वाईट, म्हणून तिथे हत्ती आपल्या जागी, आपल्याच तंद्रीत असलेला बघणं मला फार मोलाचं वाटतं. जीपचं इंजिन बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं एकच हत्ती बघा: पुढच्या पायाने गवताच्या मुळाशी ठोकर मारतो, सुटलेला झुपका सोंडेत गोळा करतो, मग तो पायावर दोन-तीनदा आपटून माती झाडतो आणि मगच तोंडात घालतो. सुळेवाला मात्र क्वचितच दिसेल, श्रीलंकेतल्या बहुतेक नरांना मोठे सुळे नसतातच. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे, काठाला मगरी आणि म्हशी, वेडा राघू तर किती ते विचारू नका. बिबट्या तिथेही आहे, पण दिसेल असं धरून जाऊ नका.

शिवाय पार्कपासून जवळच एलिफंट ट्रान्झिट होम आहे, १९९५ पासूनचं. आईविना राहिलेली पिल्लं इथे वाढवतात आणि मोठी झाली की परत जंगलात सोडतात. दूध पाजायच्या ठरलेल्या वेळा असतात, सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ६, आणि तुम्ही लांब गॅलरीतून बघायचं, हात लावणं नाही, अंघोळ घालणं नाही, पाठीवर बसणं तर नाहीच. हेच मला आवडतं. पिल्लं धावत येतात, नळीतून दूध पितात, संपलं की जायला तयारच नसतात! लहान मुलं बरोबर असतील तर हा अर्धा तास सफारीपेक्षा जास्त लक्षात राहतो.

दिवस असा बसतो: तंगाल्लेहून पहाटे सव्वाचारला निघायचं, दीडेक तासाचा रस्ता, ६ ला गेट उघडताच आत, साडेआठला बाहेर आणि ९ च्या दुधाला हजर. दुपारी जेवायला परत तंगाल्लेत. वाटेत मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही घ्या, त्यावर कितुलचा पाक ओततात, कितुल म्हणजे कोकणातला भेर्ली माड, चव काकवीच्या जवळची पण जरा धुरकट. मग झोप काढा आणि समुद्र. पोहायचं असेल तर तंगाल्लेच्या लांब उघड्या किनाऱ्यावर नको, ओढ जोरदार असते, गोयंबोक्काच्या छोट्या खाडीत जा. आणि अंगात दम उरला असेल तर रात्री जवळच्या रेकावा नावाच्या किनाऱ्यावर कासवं. वेळासला आपण पिल्लं समुद्रात जाताना बघतो, इथे शंभर किलोच्या वरची हिरवी कासवीण अंडी घालायला वर येते. टॉर्च, फ्लॅश काही चालत नाही, कधी तासन् तास थांबावं लागतं.

महिना बघून ठरवा, हे लोक विसरतात. साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत यालाचा ब्लॉक १ बऱ्याचदा बंद असतो. नाताळच्या सुट्टीत समुद्र छान पण यालात पाऊस होऊन गेलेला, पाणी सगळीकडे, त्यामुळे प्राणी पांगलेले, तेव्हा उडावालावेच. मे लागला की दक्षिणेचा समुद्र खवळायला लागतो, त्यामुळे मुलांच्या परीक्षा संपल्या की लगेच निघा, उशीर झाला तर सफारी मिळेल पण पोहणं विसरा. दोन्ही जमायला फेब्रुवारी-मार्च सगळ्यात उत्तम.

आता ज्यांना बिबट्याच हवा त्यांच्यासाठी: तंगाल्लेहून एका दिवसात उरकू नका. यालाजवळच्या तिस्समहारामा गावी दोन रात्री राहा, एक सकाळची आणि एक संध्याकाळची सफारी घ्या, समुद्र नंतरच्या दिवसांवर ढकला. आणि दोन्हीकडे जीप ठरवताना तिकीट, सर्व्हिस चार्ज, टॅक्स आणि जीप धरून एकूण किती ते आधीच विचारा, जीपचा आकडा ऐकून हो म्हणालात तर गेटवर बिल भलतंच होतं.