चार सायकली, नऊ महिने आणि भंडारदऱ्याचा फेरा

दसऱ्याला आम्ही चार माउंटन बाइक घेतल्या, तेव्हा दुकानात सगळी चर्चा गिअरवर झाली. एकवीस की चोवीस, पुढे तीन चक्रं की दोन, चढाला कुठला पडेल. ब्रेकबद्दल आम्ही काही विचारलं नाही आणि दुकानदारानंही काही सांगितलं नाही. आता नऊ महिन्यांनी कुणी मला म्हणालं, की मुलांना घेऊन डोंगरात सायकलवर जायचंय, काय घेऊ, तर मी आधी एवढंच विचारते : सगळ्यात धाकट्याची बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नीट पोचतात का? चढ नाही जमला तर उतरून ढकलता येतं. उताराला ती सोय नाही.

आधी खर्च सांगून टाकते. नवऱ्याची आणि माझी प्रत्येकी ३२ हजार, मुलीची (वय १३) २४ हजार, मुलाची (वय ९) साडेचौदा हजार. गाडीच्या डिकीला पट्ट्यांनी बांधायचं कॅरियर ७ हजार. हेल्मेट, पंप, पान्यांचा संच वेगळे. आम्हा दोघांची चाकं २९ इंची, मुलीची साडेसत्तावीस, मुलाची २४. तिघांना तेलाचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि धाकट्याला तारेचे, कारण त्याच्या मापात दुकानात तेवढीच होती. रंग त्याला आवडला, विषय संपला.

सुरुवातीचे दोन महिने नाशकातच फिरलो. गंगापूर धरण, पांडवलेणी, एकदा अंजनेरीचा पायथा. नाशकात सायकलचं वातावरण आहेच. महाजन डॉक्टरबंधूंनी २०१५ मध्ये जोडीनं अमेरिका सायकलवर आडवी पार केल्यापासून आमच्या गल्लीतही पहाटे दिवे लुकलुकतात. पण सपाटीवर सायकल आपलं खरं रूप दाखवत नाही. ते दिसलं डिसेंबरात, भंडारदऱ्याला.

बेत साधा होता. घोटीवरून शेंडीपर्यंत गाडीनं, मग आर्थर लेकभोवतीचा, म्हणजे भंडारदरा धरणाच्या जलाशयाभोवतीचा फेरा तीन दिवसांत. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी, ४५ किलोमीटरच्या आसपास. सराईत माणूस हे एका सकाळी करेल. आम्हाला दरीत उतरायचं होतं, देऊळ बघायचं होतं, आणि नऊ वर्षांचा मुलगा बरोबर असला की प्रत्येक ओढ्याला थांबावं लागतं.

पहिला फटका सायकल चालवायच्या आधीच बसला. शेंडीत गाडी थांबवून मागे गेलो तर जळक्या रबराचा वास. कॅरियरवर सगळ्यात खाली आलेलं माझ्या सायकलचं मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर लटकत होतं. टायरचा हातभर भाग वितळून चकचकीत झालेला. तसंच चालवलं, पुढच्या महिन्यात बदललं. कॅरियर लावलं की गाडी चालू करून सायलेन्सरपाशी हात धरून बघा, वाफ कुठं जाते ते. आणखी एक, पट्टे दर तासाला ओढून बघावे लागतात. पुस्तिकेत हे बारीक अक्षरात आहे, वाचलं कुणी?

दुसरा धडा पैशांचा. सामानाची गाडी बरोबर न्यायची म्हणजे कुणीतरी ती चालवायला हवी. मी आणि नवरा आळीपाळीनं चालवत होतो. म्हणजे चार सायकलींपैकी एक कायम कॅरियरवर बसून सहल बघत होती. दोन मोठ्यांत एकच, मधल्या मापाची सायकल घेऊन सीट वरखाली केली असती तरी भागलं असतं. नवऱ्याला हे मान्य नाही. त्याची सायकल मार्चपासून बाल्कनीत भिंतीला टेकून आहे, त्यावर टॉवेल वाळतात.

आता तो उतार. पांजऱ्याच्या पुढे रस्ता खालीवर होत जातो. डावीकडे पाणी, उजवीकडे कळसूबाईची रांग, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. एका लांब उतारावर धाकटा माझ्या पुढे होता. त्याचा वेग वाढत चालला, मी ओरडतेय ‘ब्रेक दाब’, आणि तो ओरडतोय ‘दाबतोय!’ शेवटी त्यानं दोन्ही पाय जमिनीवर घासले आणि कडेच्या गवतात शिरला. खरचटलं, बाकी काही नाही. मी त्याच्या हाताकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं : मूठ हँडलवर असली की फक्त बोटांची टोकं लिव्हरला लागत होती. तेवढ्या जोरात काय दाबणार? वर त्याचं वजन २७ किलो आणि सायकल १४ किलोची. त्यातला कितीतरी भाग त्या पुढच्या शॉकअपचा, जो आत नुसती स्प्रिंग आहे आणि एवढ्याशा मुलाच्या वजनानं हलतही नाही.

लिव्हरच्या मुळाशी एक इवलासा स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. संचातली सगळ्यात बारीक ॲलन की लागली. तार सैल पडली होती, ती तिथल्याच गोल नटावरून ताणून घेतली. पाच मिनिटांचं काम, जे मी दोन महिन्यांपूर्वी अंगणात करायला हवं होतं. दुकानातही करता आलं असतं. मी हे करत असताना चिरंजीवांनी ब्रेकच्या चकतीला बोट लावलं. तापल्या तव्याला लागावं तसं. उतारानंतर चकतीला हात लावायचा नाही, हे मुलांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.

घाटघरला कोकणकड्यावर वारा इतका, की सायकली आडव्या करून ठेवल्या. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. इथल्या वीजप्रकल्पाची गोष्ट मुलांना फार आवडली. वरच्या धरणातलं पाणी कोकणात खालच्या धरणात सोडून २५० मेगावॅट वीज करतात, आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवतात. मुलगी म्हणाली, म्हणजे ते पण उतरून ढकलतात.

सायकल आडवी ठेवायची ती डाव्या अंगावर. आम्ही मुलीची उजव्या अंगावर टाकली, मागचा गिअरचा हात दबला, तो धरणारा छोटा हँगर वाकला, आणि पुढे साम्रदपर्यंत चेन मागच्या दोन चक्रांत नाचत राहिली. हा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. आम्हाला नाशकात मिळायला सतरा दिवस लागले. सायकल घेतानाच एक जादा मागून ठेवा.

साम्रदला ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींनी सायकली बघून पहिला प्रश्न केला, ‘गाडी बंद पडली काय वाटंत?’ मग नागलीची भाकरी, पिठलं आणि चुलीवरचा भात. दुसऱ्या सकाळी सांदण दरी. थंडीतही सुरुवातीच्या डबक्यांत पाणी असतं. मुलांसकट पहिल्या पाण्यापर्यंतच गेलो आणि परतलो. तिसऱ्या दिवशी रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात तासभर गेला. पुष्करणीच्या काठावर बसून मुलीनं स्वतःचं पंक्चर काढलं, दोनदा. पहिल्यांदा ट्यूबला ठिगळ लावलं, पण टायरमधला बाभळीचा काटा तसाच. टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं असतं, हे तिला तिथल्या एका शाळकरी पोरानं शिकवलं. परत येताना विल्सन धरणापाशी, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणापाशी थांबलो. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पुरं. नवरा दगडी बांधकामावर बोलत होता, पोरं झोपली होती.

त्यानंतरच्या सहा महिन्यांचं सांगायचं तर, मी आठवड्यातून तीन दिवस चालवते, मुलगी क्लासला सायकलच नेते. टायरमधली हवा डांबरावर ४५ पीएसआय आणि खडबडीत वाटेवर ३० ठेवली की दगडांवरून घसरणं बरंच कमी झालं. हँडलचे दणकेही निम्मे झाले, शॉकअपपेक्षा हाच उपाय खरा. जूनमध्ये पहिल्या पावसात चेन दोन दिवसांत तांबूस झाली. आता भिजली की पुसून तेल, आणि जास्तीचं तेल पुन्हा पुसून, नाहीतर चिखल धरतं. तेलाच्या ब्रेकना अजून हात लावावा लागलेला नाही. तारेचे दर महिन्याला ताणावे लागतात.

धाकट्याची सीट तीन बोटं वर गेलीय, दिवाळीपर्यंत ती सायकल त्याला लहान होईल. सिन्नरच्या भाच्याला द्यायची ठरलीय. पुढची घेताना शॉकअप नको, वजन अकरा किलोच्या आत, तेलाचे ब्रेक. रंग कुठलाही. हे मी म्हणतेय, त्याला अजून सांगितलेलं नाही.