बाटलीचं ‘हिरवं’ लेबल: कागद पाहू नका, गोंद पाहा

लेबलवाल्याला ‘काहीतरी पर्यावरणपूरक दाखवा’ म्हटलं की तो सगळ्यात आधी तपकिरी क्राफ्ट कागद पुढे करतो. खरखरीत, साधासुधा, बघताक्षणी घरगुती वाटणारा. गिऱ्हाईकालाही पटतो. पण वरचा कागद हा लेबलचा एक थर झाला. त्याच्यावर बहुतेकदा प्लॅस्टिकचं लॅमिनेशन असतं, खाली गोंद, आणि त्याखाली सिलिकॉन लावलेला, सोलून फेकायचा ग्लासिन कागद. हिशेब करा: 80 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) कागद, साधारण 20 जीएसएम गोंद, 60 जीएसएम ग्लासिन. पैसे मोजून घेतलेल्या वजनातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल बाटलीपर्यंत पोचतच नाही आणि त्या सिलिकॉनमुळे रद्दीवालाही तो सहसा घेत नाही.

म्हणून नमुने हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवा: माल संपल्यावर बाटलीचं काय होणार?

कोकम सरबत, आगळ, काकवी असा माल काचेच्या बाटलीत जातो, आणि ती बाटली धुऊन पुन्हा भरता येते. इथे आमची पहिली पसंती जुन्या पद्धतीला: साधा कागद आणि ओला गोंद. ग्लासिन नाही, लॅमिनेशन नाही, कोमट पाण्यात लेबल निघून येतं. दिवसाला शे-दोनशे बाटल्या असतील तर हातानेही होतं. स्टार्चचा गोंद स्वस्त, पण फ्रिजमध्ये बाटलीला घाम आला की लेबल सरकतं. थंड विकायचा माल असेल तर केसीनचा (दुधातल्या प्रथिनाचा) गोंद मागा. बियरच्या बाटल्यांना तोच वापरतात. बर्फाच्या पाण्यात टिकतो आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सुटतो.

या पद्धतीत बिघडतं ते कागदाच्या धाग्याच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेमुळे. ओला झाला की कागद धाग्याला आडवा फुगतो. धागा उभा आला तर लेबलच्या डाव्या-उजव्या कडा बाटलीपासून उचलल्या जातात, मग कितीही गोंद लावा. धागा आडवा, बाटलीच्या बुडाला समांतर हवा. ओळखायचं असं: कागदाचा चौकोनी तुकडा मागून ओला करा. तो ज्या रेषेभोवती नळीसारखा वळतो, ती धाग्याची दिशा. छापखान्याला हे ऑर्डर देतानाच सांगा. कापल्यावर उपाय नाही.

स्टिकरच हवा असेल तर ‘वॉश-ऑफ’, म्हणजे धुतल्यावर सुटणाऱ्या, गोंदाचा घ्या आणि शब्दावर विश्वास ठेवू नका. भरलेल्या नाही, रिकाम्या बाटलीला लावून 24 तास राहू द्या, मग 60 ते 65 अंशांच्या पाण्यात बुडवा. काही मिनिटांत लेबल अख्खं निघायला हवं आणि काचेवर बोट फिरवलं तर चिकट लागता कामा नये. साधा हॉटमेल्ट (वितळवून लावलेला) गोंद इथेच नापास होतो: कागद निघतो, चिकटा राहतो, आणि तो काढायला रॉकेल लागत असेल तर वरचा कागद कितीही हिरवा असो, उपयोग शून्य.

मधाच्या किंवा तेलाच्या पेट (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) बाटलीवर उत्तर बरोबर उलटं. इथे कागद नको, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या प्लॅस्टिकची फिल्म घ्या. पुनर्वापराच्या कारखान्यात बाटलीचे तुकडे करून गरम कॉस्टिकमध्ये धुतात. पेटची घनता 1.38 च्या आसपास, ते बुडतं; पीपीची 0.9, ते तरंगतं आणि वरच्या वर काढता येतं. कागदाचा मात्र तिथे लगदा होतो आणि धागे पेटला चिकटून बसतात. पीव्हीसी आणि पेट-जी या प्लॅस्टिकच्या श्रिंक स्लीव्ह (गरम करून बाटलीवर आवळलेली वेष्टनं) पेटबरोबरच बुडतात, त्यामुळे त्या यादीतून सरळ काढा. अर्थात पीपीचा गोंदही धुण्यात सुटणारा हवा, नाहीतर फिल्म तरंगणार कशी?

आता बाकीचे नमुने. उसाच्या चिपाडाचा कागद चांगला आहे: रंग किंचित दुधी, छपाई छान उठते, काचेवर आणि कागदी पाकिटावर शोभतो. फक्त त्यावर चकचकीत लॅमिनेशन करू नका. पाण्याच्या बेसचं वार्निश पुरतं. स्टोन पेपरला आमचा नकार. झाड तोडलं नाही हे खरं, पण तो साधारण 80 टक्के चुनखडीची पूड आणि उरलेलं पॉलिथिन; ना रद्दीत जातो, ना प्लॅस्टिकमध्ये. कंपोस्ट होणारी पीएलए (वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकची) फिल्म काचेच्या बरणीवर लावणं म्हणजे पैसे वाया. तिला औद्योगिक कंपोस्टची 58 अंशांच्या आसपासची उष्णता लागते, परसातल्या खड्ड्यात ती तशीच पडून राहते. कंपोस्ट होणाऱ्या पाकिटावर मात्र तीच योग्य, गोंदही तसाच असेल तर.

क्राफ्टवर पूर्ण फुली नाही. मसाले, पोहे, नाचणीचं पीठ अशा कोरड्या मालाच्या कागदी पाकिटावर तो उत्तम. लोणच्यावर लावू नका: बरणीच्या तोंडाशी ओघळलेलं तेल कागदात मुरतं आणि आठवड्यात लेबलवर पारदर्शक डाग दिसतात. शिवाय तपकिरी रंग शाई गिळतो. शाकाहाराचा हिरवा ठिपका मळकट दिसतो, म्हणून त्याखाली पांढऱ्या शाईचा थर घ्यावा लागतो. बारकोड काळाच छापा, लाल नको. स्कॅनरला लाल रेघा दिसत नाहीत. अन्नाच्या पॅकिंगवरची शाई आयएस 15495 या भारतीय मानकाप्रमाणे आहे का, हेही विचारून घ्या.

लेबलवर ‘इको-फ्रेंडली’ छापायचा मोह आवरा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा मोघम दावा पुराव्याशिवाय करता येत नाही. कागद एफएससीचा (जबाबदारीने राखलेल्या जंगलातल्या लाकडाचं प्रमाणपत्र असलेला) आहे एवढ्यावर ते चिन्हही छापता येत नाही. छापखान्याकडेही त्याचं प्रमाणपत्र लागतं. ‘लेबल गरम पाण्यात निघतं, बाटली पुन्हा वापरा’ हे लिहा. खरं आहे आणि कामाचंही.

ऑर्डर पहिल्यांदा लहान द्या. भरलेल्या बाटलीवर लावून दोन दिवस फ्रिजमध्ये, मग दोन तास बर्फाच्या पाण्यात ठेवून बघा. कोकणात पावसाळ्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नका. उघडे रोल दमट हवेत कडेने लहरतात, मग मशीनवर तिरके बसतात. उरलेला रोल पिशवीत बंद करून आडवा ठेवा, जमिनीवर नको.