देवकीचा आठवा मुलगा आणि माझे २,४९९ रुपये

काल सकाळी बँकेचा मेसेज आला: २,४९९ रुपये वजा. येशूची गोष्ट जुन्या देवांच्या गोष्टींशी ताडून पाहणाऱ्या एका व्हिडिओ कोर्सचं दुसरं वर्ष न विचारता सुरू झालं होतं. पैसे परत मागितले तर ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर मिळालं. म्हणून वर्षभर रेंगाळलेला हा अनुभव आज लिहून टाकतोय. बाकी माहिती त्यांच्या पानावर आहे, ती पुन्हा देत नाही.

घेतला होता मुलीसाठी. गेल्या नाताळाच्या आठवड्यात तिच्या ग्रुपवर एक तक्ता फिरत होता. इजिप्तचा होरस, रोमन लोकांचा मिथ्रास, आपला कृष्ण, ग्रीकांचा द्राक्षारसाचा देव डायोनिसस, सगळे येशूसारखेच २५ डिसेंबरला कुमारिकेच्या पोटी जन्मले, सगळ्यांना बारा शिष्य, सगळे तिसऱ्या दिवशी उठले. “पप्पा, हे खरं आहे का?” आमच्या घरात चार पिढ्या चर्चमध्ये उपासनेला जातात, आणि मला धड उत्तर देता आलं नाही. ते मनाला लागलं. महिन्याच्या खर्चातून काढून पैसे भरले.

पहिले दोन महिने मी खूश होतो. रोममधल्या सान क्लेमेंते चर्चच्या खाली मिथ्रासचं देऊळ आहे, ते इतकं छान दाखवलंय की मी पाच तारे देऊन मोकळा झालो. मेहुणीलाही घ्यायला सांगितलं. त्याबद्दल तिची माफी मागून झाली आहे.

मग एकोणिसावा व्हिडिओ आला. रविवारी दुपारी मटार सोलत तो ऐकत होतो. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. व्हिडिओत सांगत होते की कृष्ण कुमारिकेच्या पोटी जन्मला आणि क्रुसावर मेला. काकू म्हणाल्या, “अहो, काय सांगताहेत हे? देवकीला त्याआधी सात झाली होती. आठवा तो.” आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: वसुदेव, तुरुंग, श्रावण वद्य अष्टमी, आणि शेवटी प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाचा पायात लागलेला बाण. कुठे डिसेंबर आणि कुठे क्रूस! महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही कळेल अशी चूक विकत घेऊन मी पाच तारे दिले होते.

त्या दिवसापासून माझा विश्वास उडाला. जे मला माहीत आहे तेच चुकीचं सांगत असतील, तर जे माहीत नाही त्याचं काय? पुढचे पाच महिने लायब्ररीत बसून त्या तक्त्यातला एकेक चौकोन तपासला. मिथ्रास खडकातून जन्मतो. शिल्पांत तो हातात सुरी आणि मशाल घेऊन दगडातून वर येताना दिसतो, तिथे आईच नाही. तो बैलाला मारतो त्या शिल्पाभोवती कधी कधी बारा राशी कोरलेल्या असतात, शिष्य नव्हेत. ग्रीक लेखक प्लूटार्क सांगतो, इजिप्तच्या ओसिरिस देवाचे १४ तुकडे झाले. त्याची बायको इसिसने एक सोडून बाकीचे शोधून काढले आणि पुढे तो मृतांचा राजा झाला, जिवंतांत परतला नाही. होरस त्याच दोघांचा मुलगा.

मी कंपनीला तीनदा लिहिलं. मागणी एवढीच की कृष्णाबद्दलचं वाक्य कुठल्या ग्रंथातलं ते सांगा. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की विषय श्रद्धेचा आहे, मतभेद असू शकतात. देवकीला आठवा मुलगा झाला, यात मताचा प्रश्न येतोच कुठे? दुसऱ्याच्या देवाची गोष्ट सांगायची तर ती नीट सांगावी, हे आम्हाला लहानपणी घरात शिकवलं होतं.

इथपर्यंत मी एक तारा देणार होतो. पण काल पैसे गेले म्हणून रागाने सगळं पुन्हा पाहिलं, तेव्हा शेवटचे चार व्हिडिओ वेगळ्याच माणसाने केलेत असं जाणवलं. त्यांत पुरावा पुढ्यात ठेवून बोललंय. रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एकाच संग्रहात २५ डिसेंबरला दोन नोंदी आहेत. एकीत ‘अजिंक्याचा जन्म’ (बहुधा सूर्यदेवाचा) आणि त्यासाठी रथांच्या ३० शर्यती, दुसरीत ख्रिस्ताचा बेथलेहेमातला जन्म. बायबलमधल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची तारीखच नाही, हे मीही मुलीला कधी सांगितलं नव्हतं. जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक दुसऱ्या शतकातच लिहितो की मिथ्रासच्या विधीत भाकर आणि पाण्याचा प्याला असतो, आणि ही ख्रिस्ती लोकांच्या प्रभुभोजनाच्या विधीची भुतांनी केलेली नक्कल आहे. म्हणजे साम्य तेव्हाच्या ख्रिस्ती माणसालाही डोळ्यांनी दिसत होतं, आणि तो अस्वस्थ होता. ग्रीक प्रवासी पौसानियास ग्रीसमधल्या एलिसची गोष्ट सांगतो: डायोनिससच्या सणात तीन रिकामी भांडी एका इमारतीत ठेवायची, दाराला सील करायचं, सकाळी ती द्राक्षारसाने भरलेली. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते काना गावचं लग्न वाचताना आता मला ती भांडी आठवतात. त्याने माझी श्रद्धा हलली नाही, पण वाचन बदललं.

एका गोष्टीची खंत राहिली. आपल्याकडचं इतकं बोलकं उदाहरण त्यांनी घेतलंच नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात ख्रिस्ताची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं, त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. त्यावरून ख्रिस्त हा विष्णूवरून घेतला असं कोणी म्हणेल का? शब्द शेजाऱ्याकडून घेणं आणि गोष्ट शेजाऱ्याकडून घेणं यांतला फरक या एका पोथीवरून अर्ध्या तासात समजावता आला असता.

दोन तारे. घ्यायचाच असेल तर फक्त शेवटच्या चार व्हिडिओंसाठी, आणि पैसे भरताना ऑटोपे त्याच दिवशी बंद करा. मुलीने तो तक्ता वहीत चिकटवलाय. बहुतेक चौकोनांवर पेन्सिलीने काट मारली आहे. मिथ्रासच्या भाकरीपुढे आणि एलिसच्या भांड्यांपुढे तिने ‘खरं’ लिहिलंय, आणि तक्त्यातल्या अत्तिस नावाच्या आणखी एका जुन्या देवाच्या ओळीपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. येत्या शनिवारी आम्ही दोघं लायब्ररीत जाणार आहोत.